ऑगस्टमधली दुपार: हेराक्लिओन विमानतळाचे प्रकरण

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ गोव्याच्या सव्वादोन पट भरते, तर वस्ती सव्वासहा लाखांच्या आसपास आहे. या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, हेराक्लिओन (ग्रीक उच्चारात इराक्लियो) शहराला अगदी खेटून एक विमानतळ आहे. याच शहरात १८८३ मध्ये जन्मलेले लेखक निकोस काझानझाकिस यांचे नाव त्याला दिलेले आहे. प्रवासीसंख्येच्या दृष्टीने अथेन्सनंतर ग्रीसमध्ये याच विमानतळाचा क्रमांक लागतो. २०१९ मध्ये येथून सुमारे ७९ लाख प्रवाशांनी ये-जा केली आणि महासाथीची दोन वर्षे सरल्यावर २०२३ मध्ये हा आकडा ८७ लाखांच्या घरात पोहोचला. बेटावरील एकूण माणसांच्या जवळजवळ चौदा पट माणसे वर्षभरात एका इमारतीतून जातात, असा त्याचा अर्थ होतो.

तरीही या प्रकरणात ८७ लाख हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी याच इमारतीत अथेन्स आणि थेसालोनिकीची मोजकी विमाने येतात, प्रवासी पाच-दहा मिनिटांत सामान देऊन मोकळे होतात आणि अर्ध्याहून अधिक काउंटर बंदच असतात. ऑगस्टमध्ये मात्र चेक-इनची रांग दाराबाहेर उन्हात जाते, आतल्या खुर्च्या भरल्यावर लोक जमिनीवर बसतात आणि विमान उतरूनही बॅग पट्ट्यावर यायला अर्धा-पाऊण तास लागला तर कोणाला नवल वाटत नाही. इमारत, धावपट्टी आणि चालवणारी सरकारी यंत्रणा या तिन्ही गोष्टी दोन्ही दिवशी सारख्याच असतात, बदलते ते घड्याळ. त्यामुळे येथे प्रश्न असा घ्यायचा आहे की ही गर्दी नेमकी कोठे तयार होते आणि विमानतळ उचलून पस्तीस-एक किलोमीटर आत नेल्याने तिच्यातला किती भाग सुटेल.

शहराला चिकटलेली धावपट्टी

हेराक्लिओनचे पहिले विमानक्षेत्र १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतजमिनीच्या एका सपाट तुकड्यावर सुरू झाले. मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी सैन्य क्रीटवर उतरले, तेव्हा मालेमे, रेथिम्नो आणि हेराक्लिओन ही तीन विमानक्षेत्रे हीच त्यांची मुख्य लक्ष्ये होती. मालेमे हातचे गेले आणि त्याबरोबर बेटही गेले. पुढे जून १९४२ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉर्ज जेलिको आणि त्यांच्याबरोबरच्या फ्रेंच सैनिकांनी रात्रीच्या अंधारात हेराक्लिओनच्या क्षेत्रात शिरून जर्मन विमाने उडवून दिली. याच सुमारास आतल्या पेदियादा भागातील कास्तेलीच्या क्षेत्रावरही असाच छापा पडला. हे कास्तेली नाव लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी गोष्ट तेथेच जाते.

युद्धानंतर धावपट्टी टप्प्याटप्प्याने लांबवली गेली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी नवे टर्मिनल उभे राहिले. उत्तर युरोपातून स्वस्त चार्टर विमाने येऊ लागली तो काळ हाच होता. आजची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम असून सुमारे २.७ किलोमीटर लांब आहे. तिच्या एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला निया अलिकार्नासोस ही वस्ती. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीच्या काळात हालिकार्नासस, म्हणजे आजचे बोद्रुम, सोडून आलेल्या निर्वासितांनी ही वस्ती वसवली. विमाने पश्चिमेकडे उडाली की आवाज थेट शहरावरून जातो. शेजारी हवाई दलाचा तळ आहे. म्हणजे समुद्र, गाव आणि लष्कर यांच्या कोंडीत हे क्षेत्र आहे आणि त्याला हातपाय पसरायला जागा नाही. विमानाला जोडले जाणारे पूल येथे नाहीत, त्यामुळे प्रवाशांना बसमध्ये भरून शिडीपर्यंत नेतात. फेब्रुवारीत ही व्यवस्था पुरेशी असते, पण ऑगस्टमध्ये दहा विमाने एकाच वेळी उभी असली की बस मिळेपर्यंत माणसे दाराशी ताटकळतात आणि विमान सुटायला उशीर होतो.

वाऱ्याचाही येथे वाटा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा, जोरकस वारा दिवसचे दिवस वाहतो. किनाऱ्यावरच्या सुट्टीवाल्यांना तो सुखद वाटतो, पण पूर्व-पश्चिम धावपट्टीवर उतरणाऱ्या वैमानिकाला तो कुशीवर येतो. फार जोर असेल तर विमान पुन्हा वर घेऊन घिरटी घालावी लागते आणि प्रसंगी बेटाच्या पश्चिमेकडील खानिया विमानतळाकडे वळवावे लागते. ज्या महिन्यांत एका मिनिटाचीही सवलत उरलेली नसते, नेमक्या त्याच महिन्यांत हा वारा येतो, ही या जागेची खोड म्हणावी लागेल.

एका विमानाचा दिवस

गर्दी कोठे तयार होते ते पाहण्यासाठी क्रीटला न जाता मँचेस्टरला जावे लागते. १८९ आसनांचे बोइंग ७३७ घेऊन चालणारी एखादी सुट्टी-विमानकंपनी डोळ्यांपुढे आणावी. विमान महाग असते आणि जमिनीवर उभे राहिले की ते फक्त खर्च करत असते, त्यामुळे दिवसाला दोन फेऱ्या झाल्याच पाहिजेत असे कंपनीचे गणित असते. विमान सकाळी सहाला मँचेस्टरहून निघाले, सव्वाचार तास उडाले आणि घड्याळ दोन तास पुढे केले की ते दुपारी सव्वाबाराच्या सुमारास हेराक्लिओनला टेकते. तासाभरात जुने प्रवासी उतरवून, साफसफाई करून, इंधन भरून आणि नवे प्रवासी घेऊन ते परत फिरते आणि ब्रिटिश वेळेनुसार पावणेचारच्या आत घरी पोहोचते. तेथे तासभर थांबून दुसरी फेरी निघाली की ती रात्री अकराच्या आसपास पुन्हा क्रीटमध्ये असते. दिवसातून दोनदा जाऊन यायचे असेल तर यापेक्षा फार वेगळ्या वेळा निघतच नाहीत. आता अशी एक कंपनी नसून अनेक आहेत, आणि मँचेस्टरप्रमाणेच बर्मिंगहॅम, लीड्स, ब्रिस्टल, गॅटविक येथूनही विमाने सुटतात. सगळ्यांचे गणित तेच असल्यामुळे सगळ्यांची विमाने दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे आणि रात्री अकराच्या आसपास येतात. कोणी ठरवून ती गर्दी करत नाही, पण ठरवून केल्यासारखीच ती होते.

जर्मनीचे वेळापत्रक थोडे वेगळे बसते. फ्रांकफुर्ट विमानतळावर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत नियमित उड्डाणांना बंदी आहे. पहाटे साडेपाचला निघालेले विमान, सव्वातीन तासांच्या उड्डाणानंतर आणि एक तासाच्या वेळफरकासह, पावणेदहाच्या सुमारास हेराक्लिओनला येते. संध्याकाळच्या फेरीला हेराक्लिओनहून फार तर रात्री पावणेनऊच्या आत उडावेच लागते, नाहीतर फ्रांकफुर्टचा दरवाजा बंद होतो. म्हणून जर्मन विमानांची एक लाट सकाळी दहाच्या सुमारास येते आणि दुसरी संध्याकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान असते. फ्रांकफुर्टभोवतीच्या रहिवाशांना रात्री शांत झोप मिळावी म्हणून झालेल्या नियमाचा ताण तीन तासांच्या अंतरावरच्या एका बेटावर पडतो. तो नियम चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही, त्याची किंमत कोण मोजतो एवढेच येथे नोंदवायचे आहे.

जर्मनांची सकाळची आणि ब्रिटिशांची दुपारची लाट एकमेकींवर चढतात ती वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी दीड. त्यात हॉटेलांचे घड्याळ मिसळते. मालिया, हेर्सोनिसोस किंवा आयोस निकोलाओसच्या हॉटेलांमधून पाहुण्यांनी अकरा-बारापर्यंत खोली सोडायची असते आणि नव्यांना दुपारी तीनच्या आधी ती मिळत नाही. टूर कंपनीची बस पाच-सहा हॉटेलांवरून माणसे गोळा करत येते आणि उशिराचा धोका नको म्हणून त्यांना उड्डाणाच्या अडीच-तीन तास आधीच विमानतळावर सोडते. परिणामी सव्वाएकला उडणारे ब्रिटिश प्रवासी साडेदहापासूनच इमारतीत असतात, जेव्हा पावणेअकराच्या जर्मन विमानाचे प्रवासी अजून बाहेर पडलेले नसतात. एक विमान उभे राहायच्या जागी तासभरच थांबते, पण इमारतीत त्याची माणसे तीन तास जागा अडवतात. टर्मिनल अपुरे पडते ते प्रामुख्याने या तीन तासांमुळे.

आकड्यांत हे असे दिसते. ८७ लाख प्रवासी वर्षाच्या ३६५ दिवसांवर सारखे पसरले असते तर दिवसाला चोवीस हजारांहून कमी माणसे आली-गेली असती. समजा त्यांच्यापैकी नऊ दशांश प्रवासी एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांतच येतात, तर तो आकडा साडेछत्तीस हजारांवर जातो. ऑगस्ट हा त्या सात महिन्यांतलाही सर्वांत भरलेला महिना आहे, आणि ऑगस्टमधल्या दिवसातही सगळे तास सारखे नाहीत. त्यामुळे वार्षिक क्षमतेच्या भाषेत बोलणारा मंत्री आणि काउंटरमागे उभा असलेला हंगामी कर्मचारी या दोघांना एकच विमानतळ दिसत नाही. पूर्वी पॅकेज टूर सात किंवा चौदा रात्रींची असे आणि पाहुणे शनिवारी बदलत, त्यामुळे शनिवार-रविवार असह्य होई. आता विमानकंपन्या आठवड्याच्या सातही दिवशी उडतात, शनिवारचा भार थोडा हलका झाला आहे आणि इतर दिवस जड झाले आहेत.

स्लॉट आणि त्याची वहिवाट

हे कोणालाच दिसत नाही असे मात्र नाही. उन्हाळी हंगामात हेराक्लिओन हे पूर्ण नियंत्रित वेळापत्रकाचे विमानतळ असते, म्हणजे ठरावीक वेळेचा स्लॉट हाती असल्याशिवाय कोणतेही व्यापारी विमान तेथे येऊ शकत नाही. हा हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी संपतो. धावपट्टी तासाला किती विमाने घेऊ शकते, ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करायच्या जागेवर, किती उभी राहू शकतात, इमारतीत किती माणसे मावतात हे ठरवून स्लॉट वाटले जातात.

गोम वाटपाच्या नियमात आहे. १९९३ च्या युरोपीय नियमानुसार ज्या कंपनीने आपल्या स्लॉटपैकी किमान ८० टक्के वापरले, तिला पुढच्या वर्षी तेच स्लॉट हक्काने मिळतात. गावाकडच्या माणसाला हा प्रकार वहिवाटीसारखा वाटेल: ज्याने सलग जमीन कसली, त्याची ती होत गेली. जे स्लॉट मोकळे होतात त्यांचा निम्मा वाटा नव्या कंपन्यांसाठी राखीव असतो, पण दुपारचे स्लॉट मोकळे होतातच किती? नव्याने येणाऱ्याला पहाटे तीनची वेळ मिळते. विमानतळ चोवीस तास उघडा असल्यामुळे ती वेळ उपलब्ध असते. प्रवाशाला मात्र पहाटे तीनला उतरून दुपारी तीनपर्यंत खोलीची वाट पाहणे परवडत नाही. अशा रीतीने स्लॉटपद्धतीने कोलमडणे टळते, पण दुपारची गर्दी तेवढीच राहते. ज्याच्याकडे दुपार आहे त्याला ती सोडावी असे वाटायला लावणारी कोणतीही गोष्ट या पद्धतीत नाही. दुपारी उतरायचे शुल्क पहाटेपेक्षा ठळकपणे जास्त असते, तर काही कंपन्यांनी गणित पुन्हा मांडले असते. पण हा विषय निघाला की बेटावरचे हॉटेलवालेच आधी घाबरतात, कारण शुल्क वाढले तर विमान तुर्कस्तानातील अंताल्याकडे वळेल ही त्यांची भीती निराधार नाही.

पासपोर्टची खिडकी

जानेवारी २०२१ पासून यात एक नवी अडचण आली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे ब्रिटिश प्रवासी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातील पासपोर्टमुक्त प्रवासाच्या क्षेत्राच्या, दाराशी परके ठरले. त्याआधीही त्यांचा पासपोर्ट पाहिला जात असे, पण नुसता उघडून पाहिला की काम होई. त्यानंतर तारीख तपासायची, मुक्कामाचे दिवस मोजायचे आणि शिक्का मारायचा असे सुरू झाले. समजा एका माणसामागे चाळीस सेकंद लागतात, तर १८९ जणांच्या एका विमानाला खिडकीवरची १२६ मिनिटे लागतील. चार खिडक्या उघड्या असल्या तर बत्तीस मिनिटे होतात. अर्ध्या तासात अशी तीन विमाने उतरली की शेवटच्या माणसाची पाळी दीड तासाने येते. परत जातानाही बाहेर पडल्याचा शिक्का लागेच, म्हणजे दोन्ही दिशांनी हाच हिशेब करावा लागे.

यात धावपट्टीचा वा टर्मिनलच्या चौरस मीटरांचा काही संबंध नाही. खिडकीमागे पोलीस किती, एवढाच प्रश्न आहे, आणि ऑगस्टपुरते जादा पोलीस आणायचे तर ते देशातल्या प्रत्येक बेटाला एकाच वेळी हवे असतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी नवी नोंदपद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली. हंगामाचे शेवटचे दोन-अडीच आठवडे उरले असताना ही सुरुवात झाली, ते हेराक्लिओनच्या दृष्टीने सोयीचेच ठरले. पहिल्या भेटीत या पद्धतीला शिक्क्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पुढच्या भेटींत कमी लागायला हवा. क्रीटला दरवर्षी येणारे ब्रिटिश कुटुंब असेल तर फायदा होईल, पण आयुष्यात एकदाच येणाऱ्याच्या बाबतीत होणार नाही.

जाणाऱ्या घराला रंग कोण देणार?

या प्रकरणातील सर्वांत मोठा निर्णय असा की विमानतळ हलवायचा. त्याची चर्चा जुनी आहे आणि तिनेच गेल्या काही वर्षांतली अवस्था घडवली. ग्रीक सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये चौदा प्रादेशिक विमानतळ चाळीस वर्षांसाठी जर्मनीच्या फ्रापोर्ट कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाला देण्याचा करार केला आणि एप्रिल २०१७ मध्ये ताबा दिला. त्यासाठी एकरकमी १२३ कोटी ४० लाख युरो मिळाले. त्या चौदांत क्रीटच्याच पश्चिमेकडील खानिया, तसेच रोड्स, कोस, सांतोरिनी, मिकोनोस, कॉर्फू हे सुट्टीवाल्यांचे विमानतळ होते. २०२१ च्या आरंभापर्यंत तेथली नूतनीकरणाची कामे पुरी झाली. हेराक्लिओन मात्र त्या यादीत नव्हता, कारण त्याच्यासाठी वेगळी योजना होती. त्यामुळे देशातला दुसऱ्या क्रमांकाचा विमानतळ सरकारी नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडेच राहिला, आणि जो बंद होणार असे सगळे धरून चालले आहेत त्याच्यावर मोठा खर्च करायला कोणीही तयार होईना. भाड्याचे घर पाडायचे ठरले की मालक गळके छप्परही दुरुस्त करत नाही, तसे हे झाले. फरक एवढाच की या घरात बिऱ्हाडे वाढतच होती.

नव्या विमानतळाचा करार फेब्रुवारी २०१९ मध्ये झाला आणि येथे आपल्याकडचे एक नाव येते. ग्रीसच्या जीईके टर्ना समूहाबरोबर भारताच्या जीएमआर एअरपोर्ट्सने हा प्रकल्प मिळवला. करारातील हिस्सेवाटणीनुसार ग्रीक राज्याकडे ४५.९ टक्के, ग्रीक कंपनीकडे ३२.४६ टक्के आणि जीएमआरकडे २१.६४ टक्के हिस्सा होता. मुदत ३५ वर्षांची असून त्यातली पहिली पाच वर्षे आराखडा आणि बांधकामाची होती. अपेक्षित गुंतवणूक ५० कोटी युरोंहून अधिक होती. या पैशाचा काही भाग जुन्या विमानतळाच्या उत्पन्नातून येणार, अशी तरतूद आहे. म्हणजे आज दाराबाहेर उन्हात उभा असलेला प्रवासी पुढच्या प्रवाशाच्या वातानुकूलित दालनाचा थोडा खर्च उचलतो आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात काही गैर नाही. तथापि त्या प्रवाशाला हे कोणी सांगितले तर तो काय म्हणेल, हा वेगळा भाग.

नवी जागा कास्तेलीची, म्हणजे छाप्याच्या संदर्भात वर आलेल्या त्याच लष्करी क्षेत्राची. ती शहरापासून पस्तीस-एक किलोमीटर आग्नेयेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर उंचीवर, ऑलिव्हच्या बागांच्या मधोमध आहे. तेथे ३.२ किलोमीटरची धावपट्टी आणि सुरुवातीला वर्षाला सुमारे एक कोटी प्रवासी सामावणारे टर्मिनल नियोजित आहे. काम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाले आणि महिन्याभरात युरोप महासाथीने बंद झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये जवळच्याच आर्कालोहोरी गावाला सहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप बसला, त्यात एक जण दगावला आणि शेकडो घरे राहण्याजोगी उरली नाहीत. पाच वर्षांची मूळ मुदत २०२५ च्या आरंभी उलटली, तेव्हा काम बरेच बाकी होते.

टेकडीवरचे वर्तुळ

विलंबाची आणखी एक कथा जमिनीखालून निघाली. विमानतळासाठी रडार बसवायला पापूरा नावाची ४९४ मीटर उंच टेकडी निवडलेली होती. तिच्या माथ्यावर खोदकाम करताना दगडी भिंतींची आठ वर्तुळे, एकात एक बसवल्यासारखी, उघडी झाली. बाहेरचा व्यास सुमारे ४८ मीटर भरतो आणि बांधकाम प्रामुख्याने इ.स.पूर्व २००० ते १७०० या काळातले, म्हणजे मिनोअन संस्कृतीचे आहे. ग्रीक संस्कृती मंत्रालयाने जून २०२४ मध्ये हा शोध जाहीर केला. प्राण्यांची हाडे बरीच सापडल्यामुळे तेथे सामुदायिक भोजने वा विधी होत असावेत असा अंदाज मांडला गेला. क्रीटवर अशी वास्तू आधी कोणी पाहिली नव्हती. विमानतळ आणि त्याच्या जोडरस्त्यांच्या कामात एकूण किमान ३५ पुरातत्त्वीय स्थळे सापडल्याचेही तेव्हा सांगण्यात आले.

संस्कृतीमंत्री लीना मेंदोनी यांनी वास्तू जपली जाईल आणि रडारसाठी दुसरी जागा पाहता येईल असे म्हटले. हे म्हणणे सोपे होते. रडारला उंची हवी असते आणि सभोवार मोकळी दृष्टी हवी असते, त्यामुळे पापूरा निवडली होती ती हौसेने नव्हे. चार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनीही तीच टेकडी निवडली, बहुधा त्याच कारणाने: तेथून सगळीकडचे दिसते आणि सगळीकडून ती दिसते. रडार वास्तूपासून किती अंतरावर असावे यावर पुढे पुरातत्त्वज्ञ आणि प्रकल्पाचे लोक यांच्यात वाद चालूच राहिला. नियोजनाच्या दृष्टीने यातली चूक अशी की ज्या प्रदेशात लित्तोस या प्राचीन नगराचे अवशेष शेजारीच आहेत, तेथील सर्वांत ठळक टेकडीच्या माथ्यावर काही सापडणार नाही, असे धरून वेळापत्रक आखले गेले.

मोपाशी ताडून पाहताना

हे वाचताना गोव्यातल्या वाचकाला मोपाचा नवा विमानतळ आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ती आठवण केवळ जीएमआर ही कंपनी एकच आहे म्हणून येत नाही. गोव्याचा जुना दाबोळी विमानतळही लष्करी तळाला चिकटलेला आहे. नौदलाच्या आयएनएस हंसावरील सरावामुळे नागरी विमानांना सकाळचे तास सोडावे लागत आणि चार्टरचा हंगाम याच कोंडीतून चाले. पेडण्यातील मोपाच्या पर्यावरण मंजुरीला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगिती दिली आणि जानेवारी २०२० मध्ये ती उठवली, कास्तेलीचे काम सुरू होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. मोपाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची होती.

फरक मात्र महत्त्वाचा आहे. गोव्यात जुना विमानतळ चालू ठेवून नवा सुरू केला गेला, त्यामुळे दाबोळीची विमाने उत्तरेकडे सरकतात का, याची धास्ती दक्षिण गोव्यातील हॉटेले आणि टॅक्सीवाले बाळगून आहेत. क्रीटमध्ये जुन्याची सगळी व्यापारी उड्डाणे नव्याकडे न्यायची असे ठरलेले आहे. एका अर्थी हे स्वच्छ आहे, दोन घरांचा संसार करावा लागत नाही. दुसऱ्या अर्थी, एखाद्या दिवशी कास्तेलीच्या पठारावर ढग उतरले वा धावपट्टीवर विमान अडकले, तर पाच मिनिटांवरची जुनी धावपट्टी हाताशी नसेल आणि सगळा भार खानियावर जाईल, तोही हवाई दलाच्या तळावर वसलेला. ऑगस्टच्या दुपारी तो भार पेलण्याइतकी जागा खानियाला नसते, कारण तेथली दुपारही मँचेस्टर आणि फ्रांकफुर्टच्याच वेळापत्रकाने चालते.

जागा बदलल्यावर

आता मूळ प्रश्नाकडे यावे. कास्तेलीमुळे ॲप्रनवरची दाटी जाईल, इमारत पुरेल, अलिकार्नासोसच्या लोकांच्या डोक्यावरचा आवाज थांबेल. हे लहान फायदे नाहीत. त्या वस्तीत खिडकी उघडी ठेवून झोपता येणे ही कोणत्याही अहवालात न बसणारी पण खरी गोष्ट आहे. पासपोर्टच्या खिडक्यांची संख्या वाढवता येईल, त्यांच्यामागे बसणारी माणसे वाढतील की नाही हे मात्र अथेन्समधल्या मंत्रालयावर अवलंबून राहील.

दुपारची लाट तशीच राहील, कारण ती कास्तेलीत तयार होत नाही. उलट प्रशस्त इमारत दिसली की दुपारचे आणखी स्लॉट द्यायचा मोह होईल, आणि क्षमता वाढली की स्लॉटही वाढतात हे त्या पद्धतीचेच सूत्र आहे. गर्दीचे ठिकाणही थोडे सरकेल. आज हेराक्लिओनमध्ये उतरलेला माणूस दहा मिनिटांत शहरात असतो. कास्तेलीत उतरलेल्या माणसांच्या बसगाड्या एकाच वेळी उत्तर किनाऱ्याच्या महामार्गाकडे निघतील, आणि तो महामार्ग अनेक ठिकाणी आजही दुपदरी आहे. जोडरस्ते प्रकल्पात आहेत, पण महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम स्वतंत्र आहे आणि त्याचे वेळापत्रकही स्वतंत्र. विमानतळ आधी आणि रस्ता मागाहून झाला, तर दाराबाहेरची उन्हातली रांग बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या रांगेत बदलेल.

हिवाळ्याचा हिशेबही यात धरायला हवा. ऑगस्टला पुरेल एवढी इमारत बांधली की ती नोव्हेंबर ते मार्च बहुतांश रिकामी उभी राहते, तिचे दिवे, शीतयंत्रणा, सुरक्षा मात्र चालू ठेवावी लागते आणि हा खर्च शेवटी प्रवाशामागच्या शुल्कात येतो. क्रीटमध्ये हिवाळी पर्यटन वाढावे यासाठी प्रयत्न चालतात. जुलै २०२५ मध्ये क्नोसोससह सहा मिनोअन राजवाडा-केंद्रे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, आणि ती पाहायला जानेवारीतले थंड, स्वच्छ ऊन ऑगस्टपेक्षा कितीतरी बरे. पण जानेवारीत हेराक्लिओनला परदेशातून थेट विमाने फारशी नसतात म्हणून लोक येत नाहीत, आणि लोक येत नाहीत म्हणून विमान नाही. हे चक्र कोणीतरी तोट्यात सुरुवात करून मोडावे लागते. ठरावीक मुदतीसाठी विमानतळ चालवायला घेऊन प्रवाशामागे उत्पन्न मिळवणाऱ्या कंपनीला हिवाळ्यातले शुल्क जवळजवळ शून्यावर आणण्यात स्वारस्य वाटू शकते, कारण रिकाम्या इमारतीचा खर्च तिलाच सोसायचा आहे. आजच्या सरकारी यंत्रणेला तसा हिशेब करण्याची गरज कधी पडली नाही.

जुन्या जागेचे काय करायचे, हा वाद हेराक्लिओनमध्ये आतापासूनच रंगतो. समुद्रालगतची, शहराला चिकटलेली एवढी मोकळी जमीन पुन्हा मिळणार नाही. उद्यान करा म्हणणारे आहेत, घरे बांधा म्हणणारे आहेत आणि तेथेही हॉटेलेच व्हावीत असे मनात धरलेले आहेत. तिसरा पर्याय जिंकला तर त्या हॉटेलांतले पाहुणेही दुपारी बाराला खोली सोडतील आणि पस्तीस किलोमीटरची बस पकडतील.